पाचामुखी परमेश्वर, पण आधी चिठ्ठी: खरेदी समितीत बसणाऱ्यांसाठी

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत गेली. कनिष्ठ सहायक म्हणून लागले, सहाय्यक लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. मराठवाड्यातल्या आठपैकी तीन जिल्ह्यांत बदल्या झाल्या. कोणत्या ते सांगत नाही. ओळखणारे ओळखतीलच, उगीच नाव कशाला घ्या. बाकं, पंखे, पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हातपंपाचे सुटे भाग, कपाटं... खरेदी समितीच्या बैठकांना किती वेळा बसले याचा हिशेब मी हिशेबातली असूनही ठेवला नाही.

परवा भाचीचा फोन आला. पंचायत समितीत लागून वर्ष झालं नाही तोवर खरेदी समितीवर तिचं नाव आलं. म्हणाली, "मावशी, बैठकीत करायचं काय असतंय? सगळे सह्या करायले, म्हणून मी बी केली." तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितेय.

नियम वाचा, हे सांगायला मी नको. उद्योग विभागाचा 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय, त्याच्याबरोबरची खरेदीची नियमपुस्तिका आणि नंतरच्या सुधारणा एका फायलीत काढून ठेवा. रकमांच्या मर्यादा बदलत राहतात, म्हणून टेबलाच्या काचेखालच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. पण नियमात लिफाफा आधी कोणता उघडायचा ते असतं, तोंड आधी कुणी उघडायचं ते नसतं. आणि मी पाहिलेल्या बहुतेक खरेद्या बिघडल्या त्या तिथंच.

बाकाच्या पायाचं बूच

बरीच वर्षं झाली. शाळांसाठी साडेचारशे ड्युअल डेस्क घ्यायचे होते. तीन पुरवठादार, तिघांचे नमुने सभागृहात मांडलेले. मार्चचा शेवटचा आठवडा, पंखा गरम वारा फेकत होता. समितीत आम्ही सहा जण, मी एकटीच बाई आणि पदानं सगळ्यात खालची. साहेब, म्हणजे समितीचे अध्यक्ष, आले, मधल्या बाकावर बसले, जरा मागंपुढं हलले, वरच्या प्लायवर थाप मारली आणि म्हणाले, "हा दणकट आहे बघा."

झालं. त्यानंतर बैठक वीस मिनिटं चालली, पण ठरायचं ते त्या थापेनंच ठरलं होतं. अभियंत्यांनी त्याच बाकाची फिनिशिंग चांगली म्हटली. शिक्षण विभागाच्या प्रतिनिधींनी उंची मुलांना बरोबर होईल म्हटलं. मग कुणीतरी म्हणालं, "तिघांना बी पात्र करा, भांडण नको. दराचं दर बघून घेऊ." आणि माझ्याकडं वळून, "म्याडम, तेवढं चहाचं बघा."

मी चहाचं बघून आले तोवर अहवालावर पाच सह्या झाल्या होत्या. सहावी जागा रिकामी, माझ्यासाठी. मी काय केलं? सही केली.

मागणीपत्रकात, म्हणजे वस्तू कशी हवी ते मापांसकट लिहिलेल्या कागदात, पायांसाठी सोळा गेजचा चौकोनी पाइप लिहिला होता, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा पत्रा. मधल्या बाकाला अठरा गेज होता, 1.2 च्या आसपास. पत्रा पातळ म्हणून माल स्वस्त, माल स्वस्त म्हणून दर सगळ्यात कमी, म्हणून ऑर्डर त्यालाच. कागदोपत्री सगळं निर्मळ. दिवाळीनंतर एक मुख्याध्यापक एसटीनं आले, पोत्यात गुंडाळलेला बाकाचा मोडका पाय त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता समोर बसले. वेल्डिंगच्या शेजारी पत्रा फाटला होता.

पाय हातात घेऊन मी भांडारात गेले. तिथल्या शिपायाला आम्ही सगळे मामा म्हणायचो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पायाचं पिलास्टिकचं बूच काढलं की पत्र्याची जाडी दिसती की म्याडम. मी नमुना उतरवतानाच बघितली व्हती."

"मग बोलला का नाही?"

"मला कुणी इचारलं?"

मामा त्या दिवशी सभागृहाच्या दाराशीच उभे होते. पाण्याचे ग्लास घेऊन.

चिठ्ठी

पुढं पुण्याला एका प्रशिक्षणात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग ऐकले. 1951 च्या सुमाराची गोष्ट, अमेरिकेतली. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यातली बरोबरीची कोणती ते सांगायचं. पोरासोरांना जमेल असं काम. पण खोलीत खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे पढवून ठेवलेले. ते एकामागून एक मोठ्यानं चुकीचं उत्तर देत आणि या बिचाऱ्याची पाळी शेवटाकडं येई. अशा फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांश उत्तरं लोकांनी बाकीच्यांच्या मागं जाऊन चुकीची दिली. तेच काम एकट्यानं करताना जवळजवळ कुणी चुकत नव्हतं. दोन गोष्टींनी मात्र फरक पडला: खोलीत आणखी एक जण जरी खरं बोलला, किंवा उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तर माणूस स्वतःच्या डोळ्यांवर पुष्कळ जास्त भरवसा ठेवायला लागला.

त्या खोलीत कुणाची बदली कुणाच्या हातात नव्हती, गोपनीय अहवाल नव्हता, तरी ही गत. आमच्या समितीत तर अहवाल लिहिणाराच अध्यक्ष. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते खरंय, पण चौघांनी पहिल्याचंच म्हटलं तर तो एकामुखीच झाला की.

परत आल्यावर मी चिठ्ठीची पद्धत सुरू केली, आणि हा लेख मुळात तिच्यासाठीच आहे. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. प्रत्येक सदस्याला प्रत्येक नमुन्यासाठी एक तुकडा. नमुन्यांवर पुरवठादाराचं नाव ठेवू नका, अ, ब, क लिहा. नावाबरोबर ओळख येते, ओळखीबरोबर बाकी सगळं. चिठ्ठीवर चारच गोष्टी लिहायच्या. मागणीपत्रकातल्या कोणत्या कलमाशी मी ताडून पाहिलं. जुळतं की नाही. नसेल तर मोजलं किती. आणि चौथी, जी मला सगळ्यात मोलाची वाटते: यातलं मला काय तपासता आलं नाही. खाली सही, तारीख, वेळ.

हे लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला लोक हसतात, "म्याडमनी परीक्षा लावली" म्हणतात, एकमेकांच्या कागदात डोकावतात. डोकावू द्या, पण खुर्च्या लांब मांडा. मग सदस्य सचिवानं चिठ्ठ्या गोळा करून मोठ्यानं वाचायच्या, पदानं सगळ्यात लहान त्याची आधी, अध्यक्षांची शेवटी. चर्चा त्यानंतर. मत बदललं तरी हरकत नाही, चर्चा त्यासाठीच असते. फक्त का बदललं ते इतिवृत्तात एका ओळीत येऊ द्या.

अध्यक्षांना हे पटवायचं कसं? "साहेब, तुमच्या दबावाखाली लोक बोलत नाहीत" असं चुकूनही म्हणू नका. म्हणा, "साहेब, ऑडिटला बरं पडतं." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या साहेबांना वापरलं, तिघांनीही मान डोलावली. आणि ते खोटंही नाही. लोकल फंडवाले म्हणजे स्थानिक निधीचे लेखापरीक्षक असोत, नागपूरहून येणारं एजीचं म्हणजे महालेखाकारांचं पथक असो की विधिमंडळाची पंचायत राज समिती असो, कुणी काय तपासलं याचा कागद समोर ठेवला की निम्मे प्रश्न गळतात.

वेळेचं भान मात्र हवं. चिठ्ठ्या तांत्रिक टप्प्यावर, म्हणजे माल मागणीशी जुळतो का ते बघताना, दराचा लिफाफा उघडायच्या आत. ई-निविदा असेल तर तांत्रिक निकाल पोर्टलवर चढवायच्या आधी. एकदा दर कळला की स्वस्त बाक आपोआप दणकट दिसायला लागतं, आणि ज्याला स्वस्तवाला नको असतो त्याला त्यातच खोट दिसायला लागते. आणखी एक, चिठ्ठीवर निविदेत नसलेली नवीन अट घालू नका. "रंग आवडला नाही" हे कारण नाही. रंग निविदेत लिहिला असता तर होतं.

कुणाला काय माहीत आहे ते आधी काढा

मामांची गोष्ट ही फक्त मामांची नाही. 1985 साली स्टॅसर आणि टायटस या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं होतं की माणसं एकत्र बसली की जे सगळ्यांना माहीत असतं त्यावरच बोलत बसतात. एखाद्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बाहेर येतच नाही, भले निर्णय तिच्यावरच अवलंबून असो. आमच्या बैठकीत सगळ्यांना काय माहीत होतं? बाक दिसायला कसं आहे. तेवढ्यावर वीस मिनिटं गेली.

म्हणून बैठकीच्या सुरुवातीला कामं वाटून द्या, आणि वाटून दिल्याचं मोठ्यानं सांगा. "पाइपची जाडी अभियंता साहेब बघणार. हमीची कागदपत्रं आणि अनामत मी बघणार. उंची आणि कडा शिक्षण विभाग बघणार, लेकरांचे हात कापायला नकोत." असं सांगितलं की गप्प बसणं हे काम न करण्यासारखं दिसतं. आणि वस्तू वापरणारा माणूस खोलीत हवाच. औषध खरेदी असेल तर औषध निर्माण अधिकारी, पंप असेल तर तो रोज चालू करणारा माणूस, बाक असेल तर एखादा मुख्याध्यापक. तो समितीचा सदस्य नसला तरी निमंत्रित म्हणून बोलावता येतो. त्याला मत देण्याचा अधिकार नाही, ठीक आहे. माहिती तर देऊ द्या.

बोअरच्या पंपाचं घ्या. कागदावर पाच एचपी लिहून मोकळे होतात. गावातल्या वायरमनला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की बोअर साडेसहा इंची, पाणी उन्हाळ्यात कितीवर जातं, संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं. त्याला कधी बोलावतात? पंप जळाल्यावर.

तसं बघितलं तर निम्मा निर्णय समिती बसायच्या आधीच, मागणीपत्रक लिहितानाच झालेला असतो. तिथं एकाच माणसानं एकाच कंपनीच्या माहितीपत्रकावरून मापं उतरवली की पुढं सहा काय, सोळा जण बसले तरी उपयोग नाही. मागणीपत्रकाचा मसुदा दोघांकडून वेगवेगळा करून घ्या आणि जिथं फरक पडेल तिथं थांबा. एवढं केलं तरी पुष्कळ.

फिरती नस्ती

बैठक न घेता नस्ती, म्हणजे फाइल, फिरवून सह्या घेणं ही आमच्याकडची जुनी सवय. शिपाई या टेबलावरून त्या टेबलावर नस्ती नेतो. पहिल्याला तीन पानं वाचावी लागतात, दुसरा पहिल्याची सही वाचतो, चौथा फक्त सह्या मोजतो. मी स्वतः केलंय. समोर तीन मोठ्या अधिकाऱ्यांच्या सह्या असताना चौथ्या नंबरच्या वरिष्ठ सहायकानं शंका काढायची म्हणजे त्या तिघांना वाचता येत नाही असं म्हणण्यासारखं.

नस्ती फिरवणं टाळता येत नसेल तर टिपणी सगळ्यात खालच्या सदस्याकडून वर जाऊ द्या, वरून खाली नको. आणि प्रत्येकानं नुसतं "सहमत" लिहायचं नाही. मी कोणतं कागदपत्र पाहिलं ते लिहायचं. "पान 14 वरील चाचणी अहवाल पाहिला, सहमत." चार शब्दांनी हात जरा थांबतो.

तीन दरपत्रकं, एकच वास

लहान खरेदीत तीन दरपत्रकं मागवतात. एकदा टेबलावर तीन वेगवेगळ्या दुकानांची दरपत्रकं होती आणि तिन्हींत "क्वॉलिटी"चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं. मला दिसलं. शेजारी बसलेल्याला दिसलं, कारण त्याची पेन्सिल तिथं थबकली. पण तो बोलला नाही म्हणून मला वाटलं, याला माहीतच असेल, काहीतरी कारण असेल. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटलं, हे त्यानं नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं. भरउन्हात लांबच्या पाहुण्याच्या लग्नाला सगळं घर जातं आणि परतल्यावर कळतं की जायचं कुणालाच नव्हतं, तसं.

इथं उपाय एकच: आरोप करू नका, दिसलं ते बोला. "हे तिघं मिळालेले आहेत" असं म्हटलं की खोलीत भांडण. "साहेब, तिन्हींत एकच शब्द एकसारखा चुकलाय, बघून घेता का?" एवढं म्हटलं की सगळे वाकून बघतात, आणि ज्याची पेन्सिल थबकली होती तो लगेच म्हणतो, "हो, मला पण दिसलं होतं." ॲशचा तो दुसरा माणूस म्हणजे हाच. बोलीदारांनी संगनमत करून दर भरणं 2002 च्या स्पर्धा कायद्यानुसार मना आहे, तेव्हा असं दिसलं तर दरपत्रकं रद्द करून नव्यानं मागवायला समितीनं लाजायचं कारण नाही.

मार्चबद्दल काय लिहू? निधी परत जाईल या भीतीनं रात्री आठला बसलेल्या बैठकीत शंका काढणारा माणूस विकासाचा शत्रू ठरतो. मी एवढंच शिकले की शंका जानेवारीत काढायच्या. नमुना तपासणी जानेवारीतच लावून घ्या. मार्चमध्ये कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसायचं.

गावपातळीवर

ग्रामपंचायतीत साहेब नसतो, पण भावकी असते. कुणी कोणत्या पॅनलमधून निवडून आलंय ते माहीत असलं की कोण कोणत्या दरपत्रकाला हात वर करणार ते बैठकीआधी सांगता येतं. तिथं वस्तूवर बोलणं होतच नाही, माणसांवर होतं. "त्यांनी आणलेला पंप" आणि "आपला पंप". अशा ठिकाणी अ, ब, क ची युक्ती सगळ्यात जास्त चालते, कारण कोणता नमुना कुणाचा हे कळेना झालं की लोकांना नाइलाजानं पंपाकडं बघावं लागतं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. कागदावर. प्रत्यक्षात बाया भिंतीला टेकून बसतात आणि रजिस्टर फिरत फिरत येतं तेव्हा सही किंवा अंगठा होतो. एका गावात मी मुख्याध्यापिकेला सुचवलं, गणवेशाच्या कापडाचे तुकडे बायांच्या हातात द्या आणि पुरुषांना जरा व्हरांड्यात चहा घेऊ द्या. (चहाचा हा उपयोग मला माझ्या अनुभवावरूनच सुचला.) पाच मिनिटांत एका बाईनं तुकड्याचा धागा ओढून दाखवला, ओला करून चुरगळला आणि म्हणाली, "हे दोन धुण्यांत इटंल." लिहिता येत नव्हतं तिला. मुख्याध्यापिकेनं तिच्या नावानं चिठ्ठी लिहिली, वाचून दाखवली, अंगठा घेतला. ती चिठ्ठी बैठकीत आधी वाचली गेली, पुरुष नंतर बोलले. कापड बदललं.

विरोध नोंदवायचा असेल तर

सगळं करूनही कधी कधी एकटं पडायला होतं. तेव्हा भांडू नका, लिहा. तीन ओळी पुरतात: कोणतं कलम, काय आढळलं, मी काय सुचवते. विशेषणं नकोत. "संशयास्पद" लिहिलं की सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, "1.2 मिमी आढळली, मागणी 1.6" लिहिलं की आकडा आपलं काम करतो.

आणि ते कुठं लिहायचं, हे मी पैसे मोजून शिकले. एका वर्षी समितीनं वर्षभराची टीसीएल पावडर एकदम घ्यायचं ठरवलं, मार्चमध्ये. आमच्याकडचा एप्रिल-मे आणि पत्र्याचं गोदाम. उष्णतेनं आणि ओलीनं त्या पावडरीतला क्लोरीन उडतो, पावसाळ्यात खरी गरज पडेस्तोवर पोत्यात चुनाच उरतो. मी लिहिलं: दोन हप्त्यांत घ्यावी, दुसरा हप्ता जूनमध्ये, प्रत्येक वेळी क्लोरीनची तपासणी करून. वेगळ्या कागदावर लिहिलं आणि इतिवृत्ताला टाचणीनं लावलं.

दोन वर्षांनी लेखापरीक्षणात तोच मुद्दा निघाला. सगळ्या सदस्यांना खुलासा मागितला, मलाही. मी नस्ती मागवली, पान काढलं. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं होती, गंजाचा डाग होता. चिठ्ठी नव्हती.

म्हणून भाचीला शेवटी सांगितलं: विरोध इतिवृत्तातच लिहून घे, सगळ्यांच्या सह्यांच्या वर, खाली नाही. चिठ्ठ्या वेगळ्या असतील तर प्रत्येकीवर नस्तीचा पान क्रमांक शाईनं घाल, इतिवृत्तात "सोबत चिठ्ठ्या सहा, पान 21 ते 26" असं लिही, त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेव. आणि टाचणी लावू नकोस. भोक पाड, टॅग ओव.